बांधलेला रुपया

इंद्रभान मांट्याच्या हातावर चांदीचा रुपया ठेवला, की तो आधी रुपयाकडे बघतच नसे. बघायचा तो रुपया आणणाऱ्याच्या बोटांकडे. नखांत राख दिसली, हाताला चिंचेचा आंबट वास आला, की त्याचं तोंड कडू व्हायचं. "घासला ना?" तो विचारी. समोरचा मोठ्या कौतुकानं सांगे, "हाव काका, चांगला चकचकीत करून आनला." मग इंद्रभान कपाळावर हात मारी. "शंभर वर्षं त्यानं आपलं तोंड सांभाळलं, अन् तू पाच मिनिटात सोलून काढलं. आता वजनावारी जाईन हा." एवढं बोलून तो रुपया परत करी आणि पान लावायला घेई.

देऊळगाव राजाच्या सराफ्यात मोतीराम सोनाराच्या दुकानाचा ओटा ही त्याची जागा. मूळचा तो घड्याळजी. चावीची घड्याळं सेलच्या घड्याळांनी खाल्ली, पेटीतले स्क्रू आणि काटे कबाडात गेले, पण डोळ्याला अडकवायची काच तेवढी त्यानं ठेवली आणि तीच नाण्यांना लावली. शिकवायला कोणी नव्हतं. मोतीरामकडे आटवायला येणारे राणीछाप, राजाछाप रुपये रोज शेकड्यानं बघून बघून त्याची नजर तयार झाली. आटवायच्या मुशीत जाणारा एखादा चांगला रुपया तो झडप घालून बाजूला काढी आणि त्याच्या धन्याला सांगे, हा आटवू नको, हा जालन्याला नाण्यांच्या शौकिनाला दाखव. असे किती रुपये त्यानं आगीतून वाचवले त्याची गणती नाही.

शहरातले लोक नाण्याचा दर्जा इंग्रजी अक्षरांत सांगतात म्हणे. इंद्रभानची आपली चार नावं होती. टाकसाळीतून निघाला तसाच राहिला तो कोरा. राणीच्या कानावरचे केस एकेक करून मोजता येतात तो उमटता. केस एकमेकांत मिसळले, पण मुकुट आणि झग्यावरची नक्षी दिसते तो चालता. आणि नुसती बाईची सावली उरली तो गुळगुळीत, म्हणजे आटवायला मोकळा. आधी अंगठ्याच्या नखावर उडवून नाद ऐकायचा, मग काट्यावर तोळा पुरा भरतो का बघायचं, मग कडेचे दाते नखानं चाचपायचे आणि शेवटी काच. एवढं झालं की तो निकाल द्यायचा आणि वर म्हणायचा, "चांदीले खोटं बोलता येत नाही." हे वाक्य त्याला फार आवडे. दिवसातून चारदा तरी ते तो म्हणत असे.

माणूस वाईट नव्हता. कुणाच्या पैशाला हात लावला नाही, गरीब बाई दिसली तर तिचा रुपया फुकट बघून दिला. पण आपल्याला कळतं याची त्याला चव लागली होती, आणि ती चव माणसाला कुठं घेऊन जाते ते त्याला अठरा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तेव्हा कळलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला गजेंद्र नावाचा शेतकरी मोटारसायकल घेऊन त्याला न्यायला आला. गाव चार कोसांवरचं. नाव घेत नाही, गावाचा त्यात काही दोष नाही. गजेंद्रचं घर खातंपितं, भावकी मोठी. इंद्रभान पोचला तेव्हा ओसरीवर भावकीतली चार वडीलधारी माणसं बसलेली होती, आजूबाजूच्या बायका दारात उभ्या होत्या. मधे पितळी ताट होतं आणि ताटात अकरा राणीछाप रुपये. दहा आरशासारखे लखलखीत, अकरावा काळा.

गोष्ट अशी होती. त्या घरात लक्ष्मीपूजनाला अकरा रुपये मांडायची जुनी रीत. गजेंद्रची आजी रुक्मिणीबाई पन्नास वर्षं ते रुपये सांभाळत होती. तीच काढायची, तीच राखेनं घासायची, तीच परत डब्यात ठेवायची. पुरुषांनी ते कधी मोजलेही नव्हते. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं डब्याची किल्ली आपल्या सुनेला, म्हणजे गजेंद्रच्या आईला, कौसल्याबाईला दिली नाही. ती दिली नातसुनेला, निशिगंधाला. कौसल्याबाईच्या काळजात ते कुसळ तेव्हापासून सलत होतं. श्रावणात म्हातारी गेली. ती गेल्यावर तिची सोन्याची बोरमाळ काही सापडली नाही. घरात कुजबुज होती, पण कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. आणि म्हातारीच्या मागं आलेल्या पहिल्याच दिवाळीला निशिगंधानं ताट मांडलं, तर त्यात हा काळा रुपया निघाला.

निशिगंधा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. वय असेल चोवीस-पंचवीस. कडेवर तीन वर्षांची पोर, योगिनी. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं तेही स्पष्ट आवाजात, न रडता, न चाचरता.

"आजीनं मले सांगतलं होतं. दहा रुपये घासाचे, अन् अकरावा पिवळ्या फडक्यात हळकुंडासंगं बांधून डब्याच्या तळाशी ठेवाचा. तो बांधेल रुपया. त्याले पानी लावाचं नाही, बाप्यायले दाखवाचा नाही. फडकं कुजलं की दिवाळीले नवं बांधाचं. औंदा कुजेल होतं, म्हनून मी सोडलं. नवं बांधनारच होती, तवर ताटात ठेवला अन् तुमी पाह्यला."

"जुनं फडकं कुठी हाय मग?" भावकीतल्या एकानं विचारलं.

"निर्माल्यासंगं नदीत सोडलं."

बायकांमध्ये कुणीतरी हसलं. कौसल्याबाई पुढं आली. ती म्हणाली, "तीस वर्षं मी या घरात खपली. माह्या सासूनं मले नाही सांगतलं, अन् काल आलेल्या पोरीले सांगतलं. खरं वाटते का कोनाले?"

कुणालाच वाटलं नाही. मग सगळे इंद्रभानकडे बघायला लागले.

इंद्रभाननं काच लावली. दहा रुपये एकेक करून बघितले. सगळे गुळगुळीत. राणीचे केस नाहीत, कान नाही, मुकुटाचा नुसता उंचवटा. अकरावा हातात घेतला. काळा मळ बसलेला होता, पण मळाखाली केस असावेत असं दिसत होतं. नाद चांगला, वजन इतरांपेक्षा चांगलं जास्त. त्याला हे सगळ्यांना दाखवायचं होतं. म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ काच नाही, त्यांना काळ्या नाण्यात काय दिसणार? तेव्हा जन्मभर दुसऱ्यांना ज्याबद्दल शिव्या घातल्या तेच त्यानं केलं. चिंच मागवली, चिमूटभर राख मागवली, आणि राणीचं तोंड अंगठ्यानं खसाखसा घासलं. केस उमटून आले. त्यानं रुपया सगळ्यांपुढून फिरवला आणि लोकांनी माना डोलावल्या. त्याला फार बरं वाटलं.

"एका ताटात, एका हातानं घासलेले रुपये सारखेच झिजतेत," तो म्हणाला. "दहा गुळगुळीत अन् हा उमटता. हा पन्नास वर्षं यायच्या संगं नव्हता."

"म्हंजे ह्या घरातला नाही?"

"नाही."

तेवढ्यात भावकीतला एक म्हातारा, कानानं जरा जड, पुढं सरकला. त्यानं विचारलं, "पोरगी म्हनते तसा बांधेल असन, तर नाही का राहू शकत असा?"

प्रश्न बिनतोड होता. इंद्रभाननं रुपया पुन्हा बोटांत फिरवला. कडेच्या दात्यांमध्ये पिवळं काहीतरी भरलेलं त्याला दिसलं. हळद. आता हळद पूजेतल्या कुठल्याही नाण्याला लागते, त्यात नवल नाही. पण क्षणभर तो थांबला होता, हे त्याला पुढं कधी विसरता आलं नाही. रुपयाची मागची बाजू, जिथं साल आणि वेलबुट्टी असते, ती त्यानं नीट बघितलीच नव्हती. काच परत लावावी, उलटून बघावं, असं मनात आलंही. पण पंधरा माणसांसमोर निकाल देऊन झाला होता.

"चांदीले खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला.

 निशिगंधानं पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. तिनं इंद्रभानकडे बघितलं ते रागानं नाही. हा माणूस आता खरं सांगेल असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं, आणि तेच तिच्या तोंडावर होतं.

लोकांनी उरलेलं आपलं आपण जुळवलं. घरातला रुपया हिनं मोडून खाल्ला, बोभाटा होऊ नये म्हणून बाजारातून दुसरा आणून मोजणी पुरी केली. रुपया नेला म्हणजे बोरमाळही हिनंच नेली. आठ दिवसांत तिला चिखलीला भावाकडे पोचवून दिलं. पोर ठेवून घेतली. पुढं सोडचिठ्ठी झाली आणि गजेंद्रनं जयमाला नावाची दुसरी बायको केली. बोरमाळ कधीच सापडली नाही.

परतताना मोटारसायकलवर मागं बसलेल्या इंद्रभानच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. गुळगुळीत रुपया नेणारा चोर त्याच्या जागी उमटता रुपया कशाला ठेवील? उमटता तर महाग. पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची त्याची रीत नव्हती. पुढं बाजारात कानावर आलं की बाई घालवून दिली, तेव्हा तो म्हणाला, मी नाण्याचं सांगितलं, माणसाचं नाही. हे वाक्यही त्यानं अठरा वर्षं वापरलं, पण फक्त स्वतःशी.

इंद्रभान आता अडुसष्टचा झाला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्यात मोतीबिंदू पिकतोय. लोक पूर्वीइतके येत नाहीत. मोबाइलवर फोटो काढून दूरदूरच्या माणसांना पाठवतात. तरी तो ओट्यावर बसतो.

यंदा वैशाखात गजेंद्र आला. केस पांढरे, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. पोरीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. योगिनीची जोडवी आणि पैंजण करायचे, त्यासाठी घरातले जुने रुपये आटवायला आणले होते. कौसल्याबाईला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि दुसऱ्या बायकोला त्या रुपयांची काही माया नव्हती. मोतीरामनं पुरचुंडी ओट्यावर ओतली आणि इंद्रभानला म्हणाला, "पाहून घे रे, काही ठेवासारखं असन तर."

दहा रुपये बघण्यासारखे नव्हतेच. अकरावा त्यानं हातात घेतला आणि ओळखला.

"हा आईनं देवात नाही ठेवू देल्ला," गजेंद्र म्हणाला. "बाहेरचा रुपया हाय म्हने. अठरा वर्षं लोखंडी पेटीत पडेल होता."

राणीच्या तोंडावर बारीक गोल ओरखडे होते. डाव्या डोळ्याला काच लावल्यावर ते स्पष्ट दिसले. आपल्याच अंगठ्याचे, आपल्याच हातानं ओढलेले. इंद्रभाननं रुपया उलटा केला. मागची बाजू तशीच काळी होती, तिला कुणी हात लावला नव्हता. आणि त्या काळ्यावर, सालाच्या आकड्यांवरून, वेलबुट्टीवरून, अगदी कडेपर्यंत उभ्या-आडव्या रेघा होत्या. बारीक, सरळ, एकमेकींत विणलेल्या. जाडंभरडं कापड चांदीला वर्षानुवर्षं घट्ट बांधून ठेवलं, की काळेपणा धाग्याधाग्यानं चढतो आणि वीण चांदीवर उतरते. दोन-चार वर्षांत हे होत नाही. त्याला एक जन्म लागतो. एका ठिकाणी गाठीचा वळही दिसत होता.

त्यानं रुपया आणि काच मोतीरामपुढं धरली. "काय दिसते?"

मोतीरामनं बघितलं. "कापड," तो म्हणाला.

गजेंद्र घाईत होता, पत्रिका वाटायच्या होत्या. त्याचं इकडं लक्ष नव्हतं. इंद्रभाननं तो रुपया मागून घेतला. "ठेवा," गजेंद्र म्हणाला, "मले त्याचं तोंडही पाहाचं नाही." आणि तो गेला. इंद्रभान ओट्यावर बसून राहिला.  निशिगंधानं त्या दिवशी जे जे सांगितलं होतं, पिवळं फडकं, हळकुंड, गाठ, त्यातलं एकूण एक खरं होतं आणि ते सगळं त्या ओसरीवर त्याच्याच हातात होतं. त्यानं फक्त उलटून बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो जीपनं गावात गेला. गजेंद्रच्या दारात मांडवाचे बांबू पडले होते. ओसरी तीच, फक्त फरशी नवी. त्यानं गजेंद्रला सगळं सांगितलं, रुपया उलटा करून दाखवला, काच पुढं केली. "माही चूक झाली," तो म्हणाला. "बाई खरी होती. मी चार लोकायसमोर बोललो होतो, चार लोकायसमोर परत बोलतो. बलाव भावकीले."

गजेंद्रनं काच हातातही घेतली नाही. तो बराच वेळ इंद्रभानच्या डोळ्यांकडे बघत होता.

"काका, तुमचं वय झालं," तो शेवटी म्हणाला. "एका डोळ्यात मोतीबिंदू हाय, एक कापेल हाय. तवा नजर कशी होती तुमची! सगळा तालुका नाव घे. तवाचं तुमचं मी खरं धरीन का आताचं?"

 इंद्रभानचा स्वतःचाच लौकिक त्याच्या आडवा आला होता. गजेंद्रला हे पटलं नव्हतं असं नाही. पटलं म्हटलं तर अठरा वर्षांचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं पटवून घेतलं नाही. चहा आला. चहा घेऊन येणारी मुलगी दारातच थांबून सगळं ऐकत होती. तीच योगिनी.

तो रस्त्याला लागला तर ती मागून झपझप आली. डोक्यावर ओढणी, हातात काहीतरी घ्यायला निघाल्यासारखी पिशवी.

"द्या पाहू, आबा."

त्यानं रुपया दिला, काच कशी धरायची ते दाखवलं. ती उन्हात उभी राहून बघत राहिली. मग तिनं त्या रेघांवरून अलगद, न घासता, बोट फिरवलं.

"दिसलं मले," ती म्हणाली. "गाठ बी दिसली."

इंद्रभानचा जीव जरा भांड्यात पडला. पण ती पुढं म्हणाली, "कोनाले सांगू नका, आबा. सोयऱ्यायले सांगतलं हाय, मी लहान असतानाच आई वारली म्हनून. पत्रिकेत जयमालाआईचं नाव हाय. आता हे निघालं तर लग्न मोडन." तिनं रुपया परत दिला. जाता जाता थांबून तिनं विचारलं, "कशी हाय हो ती?"

त्याला माहीत नव्हतं. अठरा वर्षांत त्यानं एकदाही चौकशी केली नव्हती. तो तसं म्हणाला आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

चिखलीला तो एसटीनं गेला. निशिगंधाचा भाऊ वारला होता. त्याच्या घरामागच्या एका खोलीत ती राहत होती. उन्हाळ्यात लोकांचे पापड-कुरडया करून देते, एरवी एका खानावळीत पोळ्या लाटते, असं शेजारच्या बाईनं सांगितलं. अंगणात खाटेवर धोतर अंथरून ती कुरडया घालत होती. चाळिशी ओलांडलेली, मनगटं बारीक, केस पुष्कळ पांढरे. तिनं त्याला ओळखलं. बस म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. सोऱ्या फिरवत राहिली. इंद्रभान उभ्यानंच बोलला. रुपया, पेटी, मागची बाजू, सगळं.

"मी तवा उलटून नाही पाह्यलं, बाई," तो म्हणाला. "पाहाचं मनात आलं होतं. तरी नाही पाह्यलं. मले माफ..."

"माफी नका मागू, काका," ती म्हणाली. "मले देता येनार नाही."

कुरडईचा गोल पुरा करून तिनं सोऱ्या खाली ठेवला. "योगिनीले दाखवला का?"

"दाखवला. तिले दिसलं. गाठ बी दिसली म्हने."

निशिगंधानं पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. तेवढ्यात तिचा चेहरा असा काही उजळला, की पुढचं सांगू नये असं इंद्रभानला वाटलं. पण अर्धं सांगितलं की काय होतं ते त्याला आता माहीत होतं. त्यानं सोयऱ्यांचं सांगितलं, पत्रिकेचं सांगितलं. ती वारली म्हणून सांगितलंय तेही.

ती खाटेच्या कडेवर बसली. "बरं केलं," ती म्हणाली. "वारली म्हनलं की कोनी काही विचारत नाही." मग म्हणाली, "जोडवी झाली का तिची?"

"व्हायची हायेत. दहा रुपये आटवाचे हायेत."

"मंग हा बी त्यातच टाका."

इंद्रभानला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बाई, हा आटवला तर काहीच राहनार नाही. जगात दुसरा पुरावा नाही तुमचा."

"दाखवू कोनाले? मले तर पहिलेच माहीत होतं. तिले आता दिसलं. तिसरं कोन हाय?" तिनं रुपया बघायला मागितलासुद्धा नाही. "मी तिच्या लग्नात नसन. पायात तरी राहीन. अन् तिले सांगू नका. सांगतलं तर ती जोडवी काढून डब्यात ठेवन, जपन. मले जपून घ्याचं नाही. झिजू द्या तिच्या पायात. आन घ्या तशी."

त्यानं आण घेतली. दुसरं काही तिला देण्यासारखं त्याच्याजवळ नव्हतं.

मोतीरामनं मूस तापवली. दहा रुपये आधी गेले. अकरावा इंद्रभानच्या मुठीत होता. "उमटता हाय रे," मोतीराम म्हणाला, "खरंच टाकू?" तिसेक वर्षं ज्यानं चांगली नाणी या मुशीतून ओढून काढली त्यानं शेवटची एकदा काच लावली, मागची वीण बघितली आणि स्वतःच्या हातानं रुपया आत सोडला. आधी राणी गेली, मग साल, मग त्या रेघा. मग अकराही एकच झाले. मोतीरामनं ती चांदी साच्यात ओतली आणि जोडव्यांसाठीची पट्टी वेगळी काढली.

लग्न झालं. इंद्रभानला पत्रिका आली नव्हती. पंधरा दिवसांनी योगिनी नवऱ्याबरोबर बालाजीच्या दर्शनाला आली. नवरा प्रसादाच्या दुकानापाशी थांबला होता तेवढ्यात ती सराफ्यात शिरली आणि ओट्याच्या पायऱ्या चढून आली. हिरवा चुडा, पायात नवी जोडवी.

"आबा, तो रुपया द्या मले," ती हळूच म्हणाली. "आता कोनी पाहत नाही. मी कपड्यात बांधून ठेवते, माह्याजवळ. तिचं तेवढंच हाय."

 इंद्रभानची नजर तिच्या पायांकडे गेली, ती त्यानं तिथून काढून घेतली.

"नाही राह्यला," तो म्हणाला.

"म्हंजे?"

इंद्रभान पानाचा डबा उघडून चुना शोधायला लागला. योगिनीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"इकला का?"

आपण गप्प बसलो तर ही दुसरीकडे विचारेल, मोतीरामला विचारेल, आणि चिखलीला दिलेली आण मोडेल हे त्याला दिसत होतं. अठरा वर्षांपूर्वी त्या ओसरीवर तिची आई ज्या जागी उभी होती ती जागा आता आपली, हेही दिसत होतं.

"हाव," इंद्रभान म्हणाला. "इकला."

तिनं त्याच्याकडे बघितलं.  पायऱ्या उतरून ती नवऱ्याकडे निघाली. सराफ्यातल्या दगडी फरशीवर जोडव्यांचा आवाज होत होता, आणि ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत इंद्रभान तो ऐकत होता.